दीड किलोमीटर

नदीचं नाव लेक.
माझ्या भाषेत या शब्दाला आई असते, माहेर असतं,
असं मी नेल्त्येला सांगितलं,
तेव्हा ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
"लेक? ही?
हिने माझ्या आजोबांच्या अकरा गायी नेल्या."

नेल्त्ये फरहूफ, वय एकाहत्तर.
गावाचे कोट शिवता शिवता डोळे अधू झाले,
नवरा चर्चमागच्या ओल्या मातीत.
एकविसाव्या वर्षी तिची खात्री होती
की देव आपल्याला सुरिनामला धाडणार.
पेटी भरून तयार होती: दोन सुती झगे,
कोयनेलच्या गोळ्या, नवं कोरं शास्त्र.
त्याच आठवड्यात आईने अंथरूण धरलं,
ते नऊ वर्षं सोडलं नाही.
बोट गेली. पेटी माळ्यावर आहे,
हल्ली तिच्यात लोकरीचे उरलेले गुंडे असतात.

आणि मिळालं काय, तर दीड किलोमीटर बांध.
खांब अडतीस ते त्रेपन्न.
"एवढंच?" मी विचारलं.
"मीही विचारलं होतं," ती म्हणाली,
"बरीच वर्षं. जरा चढ्या आवाजात."

जानेवारीत वरच्या देशांतलं पाणी उतरून येतं.
पाणी मंडळाचा फोन येतो, अमुक वाजता, अमुक पातळी.
मग नारिंगी जाकीट, विजेरी,
लाल चिंधी बांधलेल्या काठ्यांची मोळी,
आणि खिशात पेपरमिंट, प्रवचनातलीच,
झोप येऊ नये म्हणून.
जागल जोडीने करायची असा नियम आहे.
तिचा जोडीदार तेउनिस तापाने पडलेला,
म्हणून त्या रात्री मी.

मी नदीकडे बघत चाललो होतो.
काळं, फुगलेलं, बांधाच्या ओठाशी आलेलं पाणी;
नजर हटेना.
"तिकडे सगळेच बघतात," ती म्हणाली,
आणि नदीकडे पाठ करून
तिने उजेड घरांच्या बाजूला टाकला.
गवतावर. चिचुंद्रीच्या बिळावर. गवताखालच्या ओलीवर.
"ती वरून येत नाही.
आपण निजतो त्या बाजूने येते."

खांब सत्तेचाळीस, यिलिसच्या मेंढवाड्यामागे
पळीएवढं तोंड उघडून जमीन पाणी बोलत होती.
नेल्त्ये गुडघ्यांवर बसली, गुडघे कुरकुरले,
तिने ओंजळ धरली, विजेरी माझ्या हातात दिली,
आणि पाणी निवळायची वाट पाहिली.
नितळ आलं तर नुसता पाझर.
वाळू आली, तर बांध आतून चाललाय.

तळहाताच्या रेषा दिसल्या. फक्त रेषा.
"नितळ आहे," मी म्हणालो, "चला."
"आत्ता आहे," ती म्हणाली.
तिने एक काठी रोवली,
मेंढवाड्यातली बादली उपडी घातली
आणि तापल्या लेकराच्या उशाशी बसावं तशी बसली.

दर पाव तासाने ओंजळ. दर पाव तासाने उजेड.
मी डोळ्यांत तेल घालून बसणार होतो;
अर्ध्या तासात माझं तेल संपलं.
मधेच जाग आली तेव्हा तिचे ओठ हलत होते.
प्रार्थना असेल म्हणून मी टोपी काढली.
"मेंढ्यांना नावं ठेवतेय," ती म्हणाली,
"नाहीतर डोळा लागेल. टोपी घाल, गार आहे."

पहाटे पाणी चार बोटं उतरलं.
काही झालं नाही.
गावात कुणीतरी कॉफी चढवली, एक कुत्रं भुंकलं,
यिलिस मेंढवाड्यात आला, बादली शोधू लागला.
इतक्या वर्षांत काही झालेलं नाही, तिच्या दीड किलोमीटरवर.
याचा अर्थ काय घ्यायचा, हे मला विचारायचं होतं;
कुणाला कळतं तरी का, हेही.

तिने ओला हात जाकिटाला पुसला,
मला एक पेपरमिंट दिली,
आणि माझ्या खांद्याचा आधार घेत उठली.
"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.
"पुढचं बघायचं राहिलंय."